डावीकडे बायका, उजवीकडे बाप्ये

बिरू तात्यांनी एका संध्याकाळी माझं नाव वाचवलं आणि त्याच संध्याकाळी ते मला सोडून गेले. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. त्यांनी मला वाचवलं म्हणून उपकार मानायचे, की सोडून गेले म्हणून राग धरायचा? मी राग धरला. तो मला जमतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. लासुर्ण्याच्या बाजारात माझं साऊंड सर्व्हिसचं दुकान होतं. एक अॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे घेऊन सुरुवात केली होती, ते वाढवत वाढवत लाकडी पेट्यांच्या स्पीकरपर्यंत आलो होतो. शिकवायला कुणी नव्हतं, घरचं पाठबळ नव्हतं. प्रत्येक वायर मी घासाघीस करून आणलेली. त्यामुळे माझ्या सामानाला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरायचं.

तात्यांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं.

मी दुकानासमोर दोन पेट्या मांडून कॅसेट वाजवत होतो. पंचावन्नच्या आसपासचा एक माणूस रस्त्यातून चालला होता. अंगात पैरण, डोक्याला पटका, बगलेत पिशवी, पिशवीत बिघडलेला ट्रान्झिस्टर. तो दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये आला आणि थांबला. एक पाऊल डावीकडे गेला, मग उजवीकडे, परत मध्ये आला.

"शेठ, एका पेटीच्या तारा उलट्या जोडल्यात तुमी."

"तुम्हाला काय कळतं? वाजतंय ना?"

"वाजतंय. पण मधी हुबं ऱ्हायलं की आवाज पातळ हुतो. जणू कुणी आतनं गर काढून घेतलाय."

मी दोन शिव्या दिल्या. तो हसला आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसला. तो दुसरीकडे बघतोय असं पाहून मी गुपचूप एका पेटीच्या तारा बदलल्या. मध्ये येऊन उभा राहिलो. आवाज भरला. वर बघितलं तर तो बशीतून चहा पीत माझ्याकडेच बघत होता.

हे बिरू तात्या. गाव वरकुटे. वडिलांच्या काळी त्यांच्याकडे मेंढरं होती, मग थोडी जमीन झाली आणि मेंढरं गेली. रेडिओ दुरुस्ती ते स्वतःच शिकले होते. पुढच्या आठवड्यात ते माझ्याकडे कामाला आले आणि पाच-सहा वर्षं माझ्या मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावर, बसले. बसले म्हणतो खरं, पण ते बसायचे नाहीत, हेच तर माझं दुखणं होतं.

कार्यक्रम सुरू झाला की दोन गाण्यांत तात्या मिक्सर सोडून चालायला लागायचे. मांडवाच्या एका कडेनं जायचे, शेवटच्या रांगेत उभे राहायचे, दुसऱ्या कडेनं परत यायचे. मधूनच बायकांच्या घोळक्याशेजारी वाकून एखाद्या म्हातारीला विचारायचे, "आक्का, शब्द कळत्यात का?" मी मिक्सरपाशी चरफडत उभा. लांबून ते हातानं खुणा करायचे. दोन बोटं फिरवली म्हणजे बटण थोडं फिरवा. मूठ आवळली म्हणजे झालं, आता हात काढा. पण ते माझ्याकडे तोंड करून उभे असायचे, त्यामुळे त्यांचं डावं ते माझं उजवं व्हायचं. मी हमखास उलट फिरवायचो आणि ते पटका सावरत पळत यायचे.

"तात्या, तुमच्या हाताची डावी की माझ्या?"

"बायकांची, शेठ. हितं डावं-उजवं कोण मोजतंय?"

आणि ते खरंच मोजत नसत. आमच्या भागात कार्यक्रम कुठलाही असो, मांडवात एका अंगाला बायका बसतात, दुसऱ्या अंगाला बाप्ये. गावात शिरल्यावर माइक, जनरेटर काही न बघता तात्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बायका कुठल्या अंगाला बसत्यात?" मग दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी काढून ते मिक्सरवर डाव्या आवाजाच्या बटणाखाली 'बायका' लिहायचे आणि उजव्याखाली 'बाप्ये'. एखाद्या गावात रीत उलटी असली तर पट्ट्या बदलायच्या. नवं यंत्र आणलं की मी त्यावरची इंग्रजी अक्षरं पुसून पुसून चकचकीत ठेवायचो आणि हा माणूस त्यावर 'बायका' चिकटवायचा.

माइक तपासायची त्यांची पद्धतही निराळी होती. "हॅलो, हॅलो" त्यांनी कधी केलं नाही. माइकसमोर उभे राहून ते सावकाश म्हणायचे, "भाकरी. चटणी. शेंगा." भाकरीतला भ धपकन आदळला की खालचा आवाज कमी करायचा. चटणीतला च टोचला की वरचा. शेंगा सळसळल्या की मधलं काहीतरी. पोरंठोरं हसायची. एकदा लग्नाच्या मांडवात आचारी पळत आला होता, जेवणाचा बेत बदलला का विचारायला.

आमचं भांडण लागलं ते नव्या मिक्सरवरून. मुंबईला एका ओळखीच्या माणसाच्या घरी मी पहिल्यांदा हेडफोन लावून गाणं ऐकलं. ढोलकी या कानात, बासरी त्या कानात, आणि गाणारी बाई बरोबर कपाळाच्या मध्ये. मी वेडा झालो. तसाच स्टिरिओ मिक्सर घेऊन आलो. प्रत्येक माइकला एक बटण, डावीकडे फिरवलं की तो आवाज डाव्या पेट्यांतून, उजवीकडे फिरवलं की उजव्या. मी सगळ्या बाजारात सांगत सुटलो, आता इंदापूर तालुक्यात आवाज पळणार. इकडून तिकडं पळणार!

तात्यांनी सगळी बटणं घड्याळाच्या काट्यासारखी बाराच्या ठोक्यावर ठेवली. म्हणजे बरोबर मध्ये. दोन्हीकडे सारखं.

"अहो, मग स्टिरिओ घेतला कशाला? माणसाला दोन कान असतात तात्या."

"व्हय की. पण दोनी एकाच डोक्याला हायत. हितं एक डोकं त्या खांबापाशी, दुसरं ह्या खांबापाशी. तिकडच्या बाईनं नुसती बासरीच ऐकायची का काय?"

"थोडं तरी फिरवा. ढोलकी तीनवर न्या."

"बारा."

"दोन."

"बारा."

मी बाजारात कधी पहिल्या भावाला काही घेतलेलं नाही. म्हशीपासून मेणबत्तीपर्यंत सगळं मी तोडून आणलंय. मी हट्टाला पेटलो. दीडवर आलो, एकवर आलो. अर्धा तास गेला, शामियानावाले कामं सोडून बघत बसले.

"बरं, साडेबारा! ना तुमचं ना माझं."

तात्यांनी विचार केल्यासारखं केलं. "साडेबारा दिलं."

मी जिंकलो. मग लक्षात आलं, कुठल्या वाद्याचं ते ठरलंच नव्हतं. तात्यांनी साडेबारावर नेलं ते घुंगराचं बटण.

मी चिडून वरकुट्याच्या जत्रेत, त्यांच्याच गावात, स्वतः मिक्सरवर बसलो. ढोलकी पार उजवीकडे लावली, कीबोर्ड पार डावीकडे. मिक्सरपाशी, बरोबर मध्ये, स्वर्ग होता. तिसऱ्या गाण्याला बायकांतून एक म्हातारी उठली आणि कमरेवर हात ठेवून स्टेजवरच्या माणसाला म्हणाली, "आरं, ढोलकी बाप्यांनाच का? आमी काय नुसतं प्या-प्या ऐकायला आलोय?" सगळा मांडव हसला. तात्या कुठून तरी आले, त्यांनी दोन्ही बटणांचे काटे बारावर आणले आणि ढोलकी बायकांत पोचली. म्हातारी बसली. ती त्यांची मावशी होती असं मला नंतर कळलं. तिला त्यांनी उठवलं, की ती आपणहून उठली? मी विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, "मावशीला कोण उठवणार?" हे उत्तर आहे का?

त्यानंतर मी आवाज घुमवायची दोन यंत्रं आणली. एकातून एकच वायर निघायची, ते शब्द परत परत म्हणायचं. दुसऱ्यातून दोन वायरी निघायच्या, ते देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखं करायचं. तात्यांनी एकाला नाव दिलं एकपायी, दुसऱ्याला दोनपायी. आणि दोघांमधून जे निघतं त्याला ते म्हणायचे सावली.

इथे मात्र त्यांनी मला चक्रावून टाकलं. दोनपायीचे दोन्ही काटे त्यांनी स्वतःहून पार टोकांना नेले. एक डावीकडे, एक उजवीकडे.

"आता? आता तुमचं बारा कुठं गेलं?"

"ह्ये शब्द न्हाय शेठ, शब्दाची सावली हाय. अर्धी हिकडं पडली, अर्धी तिकडं पडली, कुणाचं काय जातंय? शब्द तेवढा मधी ठेवायचा."

"आणि एकपायी?"

"त्याला एकच पाय. त्यो ज्याचा हाय त्याच्या पायाशीच बांधायचा. गाणारा मधी, तर त्याची सावलीबी मधी. गाणारा हिकडं न् सावली लांब तिकडं, आसं कुठं बघितलंय का तुमी?"

बघितलं नव्हतं. पण मी पैदा करून दाखवलं.

इंदापूरच्या एका कंत्राटदाराच्या मुलीचं लग्न होतं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. तालुक्यातली सगळी बडी माणसं येणार होती. ते लग्न नीट पार पडलं की मोठ्या कार्यक्रमांना माझंच नाव निघणार, आणि फसलं तर परत भोंगे बांधत बसायचं, हे मला स्पष्ट दिसत होतं. काम मिळवताना मी भाऊसाहेबांना सांगून बसलो होतो, "मंगलाष्टकं अशी ऐकवतो, आवाज मांडवभर पळेल."

गोरज मुहूर्त होता. मांडव एवढा मोठा की बँडवाले डाव्या दरवाजाबाहेर, बायकांच्या मागे उभे केलेले. त्यांना स्टेज दिसत नव्हतं. म्हणून गुरुजींनी सांगून ठेवलं होतं, शेवटच्या मंगलाष्टकाला 'सावधान' तीनदा म्हणू, ते ऐकलं की वाजवा. हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तात्यांनीही.

तात्या म्हणाले, "शेठ, आज एकपायी बंदच ठिवू. सावली नको."

"भाऊसाहेबांना शब्द दिलाय मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पांढऱ्या चिकटपट्टीची लांबच लांब पट्टी काढली आणि काट्यांच्या सगळ्या ओळीवरून चिकटवून टाकली, कुणाचा हात लागू नये म्हणून. एकपायीच्या बटणावर आणखी एक आडवी. आणि सवयीप्रमाणे बायकांकडे निघून गेले.

पहिलं मंगलाष्टक झालं. भाऊसाहेब फेटा सावरत माझ्याजवळ आले. बरोबर चार पाहुणे.

"काय शेठ, कुठाय तुमचा पळणारा आवाज? का लासुर्ण्यातच पळाला?"

पाहुणे हसले. माझं डोकं गेलं. मी पट्टी ओढून काढली. गाणाऱ्याचा काटा उजवीकडे, एकपायीचा पार डावीकडे, आणि एकपायी चालू केला. दुसऱ्या मंगलाष्टकाच्या शेवटी उजवीकडून आलं, "सावधाऽऽन!" आणि डावीकडे बायकांच्या डोक्यावरून ते पळत गेलं. "सावधान… सावधान… सावधान…"

भाऊसाहेब खूश होऊन माझ्याकडे वळले. त्याच क्षणी दरवाजाबाहेर बँड फुटला.

बायकांनी मुठीतल्या सगळ्या अक्षता उधळल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी बँड ऐकून अंतरपाट सोडला. मुलीच्या मामानं तिला पुढे केलं. उजवीकडचे बाप्ये अजून बसलेले, त्यांनी एकच सावधान ऐकलेलं. डावीकडचे लोक उठून पंगतीकडे निघालेले. अर्ध्या मांडवाचं लग्न लागलं होतं आणि अर्ध्याचं लागायचं होतं. गुरुजी घड्याळ दाखवत ओरडत होते, मुहूर्ताला चार मिनिटं होती. भाऊसाहेबांची आई खुर्चीतून उठून म्हणत होती, "आवरा, आवरा, माळ घालू देऊ नका!"

मी काय केलं? काहीच नाही. माझे हात मिक्सरवर होते आणि कुठलं बटण कशाचं हेच मला आठवेना.

तात्या बायकांतून पळत आले. एकपायी बंद केला. दोन्ही काटे बारावर. आणि मग माइक स्वतःच्या तोंडापाशी धरला, पाच-सहा वर्षांत पहिल्यांदाच लोकांसमोर. "बायांनो, बसा जरा. आजून दोन ऱ्हायल्यात. यंतर घाईला आलं. अक्षता संपल्या आसतील तर शेजारणीकडच्या घ्या, आन् परत द्या."

मांडव खो-खो हसला. बँड थांबला. लोक बसले. अंतरपाट परत धरला गेला, राहिलेली दोन मंगलाष्टकं झाली आणि लग्न ठरल्या मिनिटाला लागलं.

मग भाऊसाहेब आले. आता ते हसत नव्हते.

"कुणी केलं हे?"

ते माझ्या शेजारी उभे होते तेव्हा मी पट्टी काढली होती. पण त्यांचं लक्ष स्टेजकडे होतं, हे मला माहीत होतं. तिथंच मी वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, "तात्या, काय करून बसलात हे?"

हे वाक्य मी का बोललो ते मला सांगता येतं. त्यापुढचं सांगता येत नाही. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. जणू लांबून काही ऐकू येतंय आणि कुठून येतंय ते शोधतायत, तसं. मिक्सरवर ती फाटलेली पट्टी लोंबत होती. त्यांनी ती काढली, दोन बोटांत गोळी केली आणि पैरणीच्या खिशात घातली.

"चुकलं, भाऊसाहेब. हात गेला माझा."

"असली माणसं ठेवता होय शेठ?" भाऊसाहेब म्हणाले, पण त्यांचा जोर उतरला होता. लग्न वेळेवर लागलं होतं.

तात्यांनी सामान आवरलं. एकेक वायर नेहमीसारखी कोपरावर गुंडाळली. दोन्ही यंत्रं फडक्यानं पुसली. टेम्पोत चढवताना म्हणाले, "उद्यापासनं न्हाय येत मी शेठ." एवढंच. मी म्हणालो, "नका येऊ! माझं काही अडत नाही." दोन महिन्यांनी ऐकलं, ते बारामतीच्या दिलीपकडे लागले. दिलीप म्हणजे माझ्या धंद्यातला माझा प्रतिस्पर्धी.

मी वर्षभर त्यांना शिव्या दिल्या. माणसानं भांडावं की! मला म्हणायचं, शेठ, खोटं बोलताय. मी दुप्पट आवाजात बोललो असतो, त्यांनीही बोलायचं होतं, आणि कुठं तरी मध्ये मिटलं असतं. घासाघीस करायलाच न बसणाऱ्या माणसापुढे काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. मला वाचवायचं होतं तर राहायचं. जायचं होतं तर वाचवायचं नाही. दोन्ही एकदम कसं?

पुढच्या वर्षी हिवाळ्यात लोणी भापकरला शाळेचं संमेलन होतं. भरदुपारी, मैदानात. साऊंड दिलीपचा. माझं तिथं काही काम नव्हतं. तरी मी गेलो. तात्यांना परत आणायचं असं ठरवूनच गेलो होतो. पहिला भाव काय सांगायचा, कुठपर्यंत उतरायचं, सगळं मोटारसायकलवर मनात घोळवत गेलो. शेवटचा भाव असा होता, की सगळं बारावर राहील आणि मी बोटही लावणार नाही.

तात्या मिक्सरपाशी उभे होते. दिलीप स्टेजवर माइक लावत होता. पोरींचं समूहगान चाललं होतं.

"या शेठ. च्या घेताय?"

"चहा राहू द्या. तुम्ही परत कधी येताय ते बोला."

ते हसले. मी मिक्सरकडे पाहिलं. 'बायका' आणि 'बाप्ये' होतं. दोनपायीचे काटे दोन टोकांना. बाकी सगळे बारावर. पण काट्यांच्या ओळीवर चिकटपट्टी नव्हती.

"वरची पट्टी नाही लावली?"

"हितं लागत न्हाय."

"का?"

"दिलीप हात लावत न्हाय." पाऊस नाही, ऊन आहे, असं सांगावं तसं ते म्हणाले. त्यात टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. मी पहिला भाव सांगणार, तेवढ्यात त्यांनी मान तिरकी केली. "थांबा जरा शेठ. तिकडं कायतरी कमी पडतंय."

आणि गेले. मैदानाच्या कडेकडेनं, पटका सावरत, शेवटच्या रांगेपर्यंत. मी त्या परक्या मिक्सरशेजारी दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो. बायकांच्या बाजूला ते एका म्हातारीपाशी वाकले, काही विचारलं, उभे राहिले आणि इकडे तोंड करून त्यांनी दोन बोटं हवेत फिरवली.

मी मागे वळून बघितलं. दिलीप अजून स्टेजवर होता. मिक्सरपाशी माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

त्यांनी परत बोटं फिरवली.

त्यांच्या हाताची डावी की माझ्या, हे मला याही वेळी कळलं नाही. मग त्या पट्टीवरचा शब्द वाचला आणि 'बायका' लिहिलेलं बटण अगदी थोडं फिरवलं. वर बघितलं. उन्हात, शेवटच्या रांगेमागे, तात्यांनी मूठ आवळून दाखवली.

मी हात काढला.